‘विद्यार्थी-खेळाडू’ नव्हे, कामगार!

अमेरिकेतील एखाद्या बड्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागाने समाजमाध्यमांवर मांडलेला पसारा पाहिला, तर हे विद्यापीठ आहे की करमणुकीची कंपनी, असा प्रश्न कोणालाही पडेल. झगमगीत चित्रफिती, बुटांचे नवे जोड, प्रवासाची खास विमाने, आपल्या संघातून व्यावसायिक एनबीएत गेलेल्या खेळाडूंच्या नावांची मिरवणूक! हे सारे प्रदर्शन दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांसाठी असते. एक म्हणजे तिकिटे, जर्सी आणि देणग्या यांवर पैसे खर्च करणारा चाहता. दुसरे म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा शाळकरी खेळाडू. भेटीला आलेल्या या मुलाला संघाची जर्सी चढवून त्याची छायाचित्रे काढली जातात. मात्र त्याची सही होईपर्यंत विद्यापीठाने त्याच्याविषयी जाहीर वाच्यता करू नये, असा दंडक आहे. म्हणून पुष्कळदा जाहिरातीचे चित्र तयार करतात विद्यापीठाचे कर्मचारी, आणि ते प्रसिद्ध करतो तो मुलगा, स्वतःच्या खात्यावरून. म्हणजे जो अजून संघात दाखलही झालेला नाही, तोच त्या संघाचा बिनपगारी जाहिरातदार बनतो.

परक्या देशातील या खेळाच्या बाजाराशी आपला काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतील. संबंध आहे, कारण श्रमाला श्रम म्हणायचे नाही, ही मालकवर्गाची जुनी युक्ती येथे अगदी उघडी पडलेली दिसते.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द आकाशातून पडलेला नाही. १९५५ साली रे डेनिसन हा कॉलरॅडोतील फोर्ट लुइस महाविद्यालयाचा फुटबॉलपटू सामन्यात झालेल्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडूला कामगार ठरवले जाण्याचे हेच संकट टाळण्यासाठी हा शब्द रूढ करण्यात आला, अशी कबुली महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएए हिचे दीर्घकाळचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात दिली. विधवेच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्या शब्दाचे पुढे बिरूद झाले!

या बिरुदाच्या आडोशाने केवढा व्यापार उभा राहिला पाहा. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१६ साली आठ वर्षांनी वाढवण्यात आला, तो ८८० कोटी डॉलरांना. बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. १९९५ साली यूसीएलएला विजेतेपद मिळवून देणाऱ्या एड ओबॅनन याला मात्र पुढे व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिमा विकली जाताना पाहावी लागली. २००९ साली त्याने दावा लावला. २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांपासून कमाई करण्याची मुभा मिळाली.

आता तर खेळाडू लक्षाधीश झाले, मग शोषण उरले कोठे, असा सवाल केला जातो. लक्षाधीश झाले ते मूठभर. शिवाय ही कमाई मुख्यतः धनिक माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या निधीमंडळांतून आली. त्यांना नाव दिले ‘कलेक्टिव्ह’! आमच्या चळवळीचा शब्द उचलून धनिकांच्या थैलीला चिकटवला, आणि त्या थैलीत भर घालण्याचे आवाहन सामान्य चाहत्यालाही केले. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातील तडजोड मंजूर झाली व विद्यापीठांना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. पण २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांची कमाल मर्यादा घालून. युनियनशी वाटाघाटी न करता घातलेली ही मर्यादा म्हणजे मजुरीवरची मर्यादाच होय. पैसा मिळाला, कामगाराचा दर्जा मात्र मिळाला नाही.

डार्टमाउथच्या बास्केटबॉलपटूंनी नेमका हाच मुद्दा हाती घेतला. ५ मार्च २०२४ रोजी त्यांनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन स्थापण्याचा कौल दिला. महाविद्यालयाने वाटाघाटींस साफ नकार दिला. नव्या राजवटीत श्रमसंबंध मंडळाची रचना बदलून निर्णय विरुद्ध जाईल या धास्तीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी अर्ज मागे घ्यावा लागला. हा पराभव खरा. पण जाहिरातीतले ‘आपले कुटुंब’ हक्काची भाषा ऐकताच कसे दार लावून घेते, हे त्यातून दिसले.

साधन मात्र मालकाच्याच हाती राहील असे नाही. मार्च २०२१ मध्ये ऑरेगॉनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने टिकटॉकवर एक छोटी चित्रफीत टाकली. पुरुष खेळाडूंसाठी व्यायामाचे भले मोठे दालन, आणि महिला खेळाडूंसाठी हलक्या वजनांची एक मांडणी! लाखो लोकांनी ते पाहिले; एनसीएएला माफी मागून सामग्री आणावी लागली, चौकशी नेमावी लागली. ज्या माध्यमातून माल खपवला जात होता, त्याच माध्यमातून गोदामाचे दार उघडले गेले.

आपल्याकडे आशा भगिनींना ‘स्वयंसेविका’ म्हणून वेतनाऐवजी मानधन देतात, आणि घरोघरी जेवणाचे डबे पोचवणाऱ्या तरुणाला ‘भागीदार’ म्हणतात. देश निराळा, शब्द निराळे, कावा तोच. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी प्रथम शब्द तपासावेत. काम करणाऱ्याला कामगार म्हणवून घेण्याचा हक्क ही मागण्यांच्या यादीतील शेवटची नव्हे, पहिली मागणी असली पाहिजे. कारण ती मान्य झाल्याखेरीज उरलेली यादी मालक हातातसुद्धा घेत नाही.