भुवयांमधील सुई आणि वैद्याचे कर्तव्य

यादवांचे श्रीकरणाधिप हेमाद्री यांनी १३ व्या शतकात ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्यांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, हल्ली निराळ्याच रसायनाची चौकशी होते : ‘‘डॉक्टरसाहेब, सुरकुत्यांवर कोलॅजेनचे इंजेक्शन तुम्ही देता का?’’

गोवंशाच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजेनला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे ३ टक्के व्यक्तींना त्याचे वावडे असल्याने प्रथम हातावर चाचणी करावी लागे. २००३ मध्ये हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला मान्यता मिळाली आणि कोलॅजेन मागे पडले. हे द्रव्य त्वचेखालील खळगा भरते व काही महिन्यांत विरते. यास धातुपोषण म्हणता येणार नाही.

खरा धोका पुढेच आहे. भुवयांच्या मध्यभागास आपण ‘स्थपनी’ हे सिरामर्म म्हणून शिकलो. फिलर रक्तवाहिनीत शिरून नेत्राच्या धमनीपर्यंत पोहोचण्याचे व कायमचे अंधत्व येण्याचे भय याच जागी आणि नाकावर विशेष असते. सुश्रुताचार्यांनी शिष्याकडून आधी दुधी भोपळा, काकडी यांवर छेदनाची योग्या करवून घेतली. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून मर्मस्थानी सुई खुपसणे त्या परंपरेत बसत नाही.

प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञांच्या हाती ही चिकित्सा उपयुक्त ठरू शकते, हे मान्य करावे. तथापि आपल्याकडे रुग्ण नंतर येतो, तेव्हाचे कर्तव्य आपलेच आहे. फिलरनंतर तीव्र वेदना, त्वचा पांढुरकी किंवा जाळीदार निळसर होणे, दृष्टी अंधुक होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास लेप वा शेक देण्यात वेळ दवडू नये. हायलुरॉनिडेज हे विरघळविणारे द्रव्य केवळ हायलुरॉनिक ॲसिडवर चालते. इतर फिलरवर नाही. म्हणून कोणते फिलर टोचले ते विचारावे आणि रुग्णास तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. दृष्टीची तक्रार असल्यास नेत्ररुग्णालय गाठावे. तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

औषधी दुकानदार बंधूंना एवढीच विनंती की, ब्यूटी पार्लरच्या मागणीवरून ही इंजेक्शने पुरवू नयेत आणि कोणत्याही मुखलेपास ‘आयुर्वेदिक फिलर’ म्हणून विकू नये. चरकोक्त वयःस्थापन गणात गुडूची, हरीतकी, आमलकी आहेत. खळगे भरण्याचे वचन त्यात कोठेही नाही. जरा ही स्वाभाविक व्याधी होय. तिच्या भयाचा व्यापार करण्यापेक्षा रुग्णाचा डोळा राखणे हे वैद्यास अधिक शोभते. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.