हातातली बॅग घेता, मग जबाबदारी कोण घेणार?

"सर, ही बॅग आत जाणार नाही, चेक-इन करावी लागेल." काउंटरवरचं हे वाक्य पाठीवर चार-पाच लाखांचं कॅमेऱ्याचं सामान असताना कसं ऐकू येतं, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. या वाक्याला एक जुळं भावंड आहे. ते कोणी मोठ्याने बोलत नाही, पण बऱ्याच विमान कंपन्यांच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत सापडतं: चेक-इन सामानातल्या कॅमेरा, लॅपटॉप वगैरे नाजूक आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमच्यावर नाही.

आता ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. हातात ठेवू देणार नाही. विमानाच्या पोटात टाकलं आणि फुटलं तर आम्हाला विचारू नका. मग न्यायचं कसं म्हणता, कुरिअरने?

माझं म्हणणं सरळ आहे. जो माझ्या हातातून बॅग घेतो, त्याने तिची जबाबदारीही घ्यावी. पूर्ण किमतीची. आपल्या भाषेत सांगायचं तर ओनरशिप ट्रान्सफर झाली की पुढचा क्रॅश पाहणं तुमचं काम. एवढं साधं तत्त्व कॉलेजात सी++ शिकवताना सांगतात, विमानतळावर मात्र ते कोणाच्या गावीही नसतं.

ही हौशी लोकांची रडारड आहे असं वाटत असेल तर थांबा. आपण आयटीवाले लडाखला जातो, लेन्सला तडा गेला तर चार दिवस हळहळतो आणि पुढच्या बोनसची वाट बघतो. पण मी जालन्याचा. स्टील, बी-बियाणं आणि मोसंबीसाठी ओळखला जाणारा आमचा जिल्हा, आणि तिथल्या फोटो स्टुडिओवाल्यांचा धंदा माझ्या डोळ्यांदेखत बदललाय. पासपोर्ट फोटो झेरॉक्सवाल्याने पळवले, घरगुती फोटो मोबाईलने खाल्ले. उरलं लग्न. आणि लग्नंही आता फक्त गावातल्या मंगल कार्यालयात होत नाहीत, काही जण गोव्याला नाहीतर उदयपूरला निघतात. वऱ्हाडाबरोबर अंबडचा, भोकरदनचा, परतूरचा फोटोग्राफरही निघतो.

जालन्याहून मुंबईपर्यंतचा प्रश्न नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली, समृद्धी महामार्ग आहे. बॅग पायाशी नाहीतर मांडीवर, माणूस निवांत. पण विमान पकडायचं तर जालना रोडने पन्नास-पंचावन्न किलोमीटर चिकलठाण्याला जायचं, आणि तिथून पुढे बॅग आपली राहील की नाही ते काउंटरवरचा वजनकाटा ठरवणार.

या काट्याचं गणित बघा. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातल्या सामानाची मर्यादा साधारण सात किलो. लग्नाला दोन बॉडी लागतातच, कारण एक ऐन अंतरपाटाच्या वेळी बंद पडली तर भटजी थांबत नाहीत. कॅननची फाइव्ह-डी मार्क फोर बॅटरीसकट ८९० ग्रॅम, म्हणजे दोन मिळून १,७८०. चोवीस-सत्तर लेन्स ८०५ ग्रॅम. सत्तर-दोनशे जवळजवळ दीड किलो. झाले चार किलो. त्यात फ्लॅश, चार्जर, फोटो उतरवून घ्यायला लॅपटॉप, आणि खुद्द गादीची बॅग दीड-दोन किलोची. आठ किलो सहज. यात चैनीची एक वस्तू दाखवा.

आणि सामान फुटलं तर नुकसान फक्त काचेचं नसतं. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो, हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला जाणारच असतो. पुढच्या तिथीला दुसरं लग्न ठरलेलं असतं. शिवाय सप्तपदीचा रिटेक नसतो, राव.

यावर शहाण्या लोकांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं: हार्ड केस घे. जरूर घ्या, धक्क्यापासून वाचवते. पण चांगली हार्ड केस फोमसकट रिकामीच पाच-सहा किलो भरते, म्हणजे ती हातात नेली तर आत एक बॉडी ठेवायलाच जागा उरते. चेक-इन केली तर आपटण्यापासून बचाव होईल, चोरीपासून नाही. उलट काळी, कडक, कुलूप लावलेली पेटी म्हणजे 'आत महाग माल आहे' अशी पाटीच.

दुसरं उत्तर: इन्शुरन्स काढ. काढावाच. पण पॉलिसीची कलमं वाचा. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींत चेक-इन सामानातला कॅमेरा वगळलेला असतो. आणि मुद्दा त्याहून मोठा आहे. निष्काळजीपणा त्यांचा आणि प्रीमियम माझा, हा कुठला न्याय?

तिसरं उत्तर: आधी बॅग हातात ठेवायला शिक. पण हे नेहमी आपल्या हातात नसतं. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हा ब्रिटनच्या विमानतळांवर काही दिवस हातातलं सामानच बंद झालं. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबूधाबी, दोहा अशा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत मोबाईलपेक्षा मोठं इलेक्ट्रॉनिक सामान केबिनमध्ये न्यायला मनाई केली, कॅमेऱ्यासकट. ती जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने उठली. त्या काळात आखातामार्गे पोरांकडे निघालेल्या आपल्या किती काका-काकूंनी कॅमेरा साडीत गुंडाळून बॅगेत घातला असेल, देव जाणे.

आता कायदा काय म्हणतो? देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामान हरवलं किंवा खराब झालं तर विमान कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त वीस हजार रुपये. मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेतही हाच आकडा आहे. म्हणजे दोन लाखांची बॉडी गेली काय आणि दोन जोडी कपडे गेले काय, वरची मर्यादा एकच. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या पुढेमागे. बरी आहे, पुरेशी नाही.

पण या कराराची दोन कलमं प्रत्येकाने पाठ करावीत. कलम २६ म्हणतं की कराराने घातलेली जबाबदारी झटकणारी किंवा मर्यादा आणखी खाली आणणारी कोणतीही अट रद्दबातल आहे. 'कॅमेऱ्याची जबाबदारी आमची नाही' ही ओळ आंतरराष्ट्रीय प्रवासात त्यामुळेच टिकत नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २००९ मध्ये कंपन्यांना हेच बजावलं होतं. आणि कलम २२: सामान सोपवताना प्रवाशाने त्याची खास किंमत जाहीर केली आणि जादा रक्कम भरली, तर कंपनीची जबाबदारी त्या जाहीर रकमेपर्यंत जाते. हे नियम आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याला जोडलेले आहेत.

म्हणजे सोय आहे. पण जादा वजनाचे पैसे घ्यायला, खिडकीची सीट विकायला, सँडविच विकायला तत्पर असलेल्या माणसाने 'साहेब, सामानाची किंमत जाहीर करायची आहे का?' असं विचारलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. जिला आपण उठसूट नावं ठेवतो त्या रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातसुद्धा बुक केलेल्या मालाची किंमत जाहीर करून त्यावर टक्केवारी भरायची तरतूद आहे. इंग्रजीत 'वेलकम ऑनबोर्ड' म्हणणाऱ्यांना हे जड का जावं?

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट बॅटरीची. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातच न्यायची. नियम योग्यच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागून एक मालवाहू ७४७ पडलं आणि दोघे वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायलाच बंदी आहे. पण तुमची केबिन बॅग ऐन शिडीपाशी काढून घेतात तेव्हा त्यात चार-सहा सुट्या बॅटऱ्या असतात. त्या काढून घ्या असं दर वेळी सांगतात? सात किलोचा नियम तोंडपाठ आणि आगीचा विसरलेला! सुरक्षेचं कारण देणाऱ्यांनी आधी हे उत्तर द्यावं.

आणखी एक गंमत. बीसीएएसच्या २००० सालच्या परिपत्रकात एका हँडबॅगेशिवाय वेगळ्या नेता येणाऱ्या वस्तूंची यादी आहे: लेडीज पर्स, ओव्हरकोट, छत्री, आणि चक्क कॅमेरा किंवा दुर्बीण. जानेवारी २०२२ मध्ये 'एकच बॅग' नियम कडक करायला सांगितलं गेलं, तेव्हाही या यादीतल्या वस्तू सोडूनच.

दुसरी बाजूही मान्य करतो. लहान शहरांना जोडणाऱ्या एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे खरोखर लहान असतात, आणि प्रत्येकाने दहा किलो वर चढवले तर धोका आहेच. मी मोठे कप्पे मागत नाही. जागा नसेल तर बॅग घ्या. पण घेताना तीन गोष्टी करा: बॅटऱ्या आणि बॉडी काढून घेऊ द्या, जाहीर किमतीचा फॉर्म समोर ठेवा, आणि त्या किमतीला जागा. आणि मंत्रालयाने देशांतर्गत मर्यादा कॅमेरे फिल्मवर चालत असल्यासारखी ठेवू नये.

तोवर आपल्या हातात काय? सामानाचे सिरियल नंबर आणि बिलं फोनमध्ये ठेवा. बॉडी आणि सगळ्यात महाग लेन्स गळ्यात, कार्डं खिशात, बॅटऱ्यांची टोकं झाकून वेगळ्या पाऊचमध्ये. परदेशी जाताना निघण्याआधी कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर आपल्याच कॅमेऱ्यावर परतताना ड्युटीचा वाद. बॅग फुटलेली दिसली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवा. माँट्रियल करारात सामान मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत आहे. कॅनडाच्या डेव्ह कॅरोलची गिटार २००८ मध्ये युनायटेडच्या प्रवासात फुटली, तेव्हा चोवीस तासांत तक्रार केली नाही हे कारण देऊन त्याला भरपाई नाकारली होती. त्याने २००९ मध्ये त्यावर गाणं केलं आणि ते जगभर गाजलं.

आपल्या परतूरच्या फोटोग्राफरला गाणं येत नाही. त्याला उद्याच्या हळदीला साडेसात वाजता पोचायचंय, चालू कॅमेऱ्यासकट. म्हणून पुढच्या वेळी काउंटरवर बॅग मागितली की भांडू नका, शांतपणे विचारा: "किंमत जाहीर करायचा फॉर्म द्या." नसेल तर 'नाही' हे लेखी मागा. रांगेत मागे चारच लोकांनी हा प्रश्न ऐकला आणि उद्या त्यांनीही विचारला, तरी फॉर्म छापायला वेळ लागणार नाही.