मर्यादेचा आकडा

सांगलीच्या हळदपेठेतील पेढीवर सायंकाळचा हिशेब चालू होता. गोदामातील पोत्यांच्या थप्प्या पाहून नातीने विचारले, "आजोबा, आपण अपरिग्रह मानतो, मग एवढा माल कसा?"

"बाळ, उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, मनाच्या आसक्तीत सांगितले आहे. व्यापाऱ्याजवळ माल असणारच."

"म्हणजे आसक्ती नाही असे म्हणत कितीही साठवावे?"

आजोबांची लेखणी थांबली. "म्हणूनच श्रावकाला परिग्रह-परिमाण अणुव्रत सांगितले. मुनी सर्वस्व सोडतात. गृहस्थाने धन, धान्य, घर, सोने यांची मर्यादा स्वतः ठरवायची. मनाला सबबी सुचतात. ठरलेल्या आकड्यापुढे त्या चालत नाहीत."

"आणि मर्यादेपलीकडच्या धनाचे काय?"

"ते साताऱ्याने दाखवले. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या अन्नाची पंचाईत झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. त्यांनी तर मर्यादेच्या आतलेही आपले मानले नाही."

नात क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, आपला आकडा किती?"

आजोबांनी कपाटातील जुन्या वह्यांकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या जमाखर्चात पैशापैशाची नोंद होती. हा एक आकडा मात्र कोठेच नव्हता. त्यांनी वहीचे कोरे पान उघडले, वर तारीख घातली आणि म्हणाले, "बैस. आज तुझ्यासमोरच लिहितो."