खूण बंद केली तर वाट सापडेल का?

‘नवीन भाग फारच सोपा करून टाकला’ ही रोल-प्लेइंग गेमच्या जुन्या चाहत्यांची कायमची तक्रार. ती ऐकली की ‘आमच्या वेळी’ म्हणणारे काका आठवतात, म्हणून आमच्या हाऊसमध्ये तिची थट्टाच होते. पण ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेपुरता मी जुन्या चाहत्यांच्या बाजूने आहे.

तिचा तिसरा भाग, मॉरोविंड, २००२ साली आला. त्यात कुठे जायचं ते माणसं तोंडी सांगतात: पूल ओलांडा, नदीच्या कडेने जा, पुढे डावीकडे वळा. ते डायरीत उतरतं. मग पाट्या वाचत, डोंगर ओळखत आपणच शोधायचं. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये कंपासवर मुक्कामाची खूण आली आणि शोधणं संपलं.

मॅप रीडिंगच्या तासाला आम्हाला प्रिझमॅटिक कंपास मिळतो. तो उत्तर दाखवतो, बस्स. मी कुठे उभा आहे हे समोरची टेकडी, देऊळ, रस्त्याचं वळण बघून मलाच ठरवावं लागतं. ऑब्लिव्हियनचा कंपास थेट मुक्कामच दाखवतो, मग टेकडीकडे बघायचं कशाला? इतकं सुंदर जंगल, आणि मी पडद्याच्या खालच्या पट्टीवर नजर ठेवून चालत राहतो.

माझा रूममेट म्हणतो, ‘‘आवडत नाही तर खूण बंद कर ना!’’ २०११ च्या स्कायरिममध्ये तसं करता येतं, आणि सुट्टीत मी ते करून पाहिलं. खूण गेली, पण काम देणारा माणूस बऱ्याचदा रस्ता सांगतच नाही. खूण असणारच हे धरून त्याचं बोलणं लिहिलेलं आहे. म्हणजे बंद करायची सोय नावालाच.

जुन्यांचं सगळंच मला पटत नाही. मॉरोविंडमध्ये तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली दिसते, तरी आतला फासा म्हणतो, वार चुकला! ते पुढे बदललं ते उत्तमच. कौशल्यं २७ होती, ती २१ झाली, मग १८. त्यावरून गळा काढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

खुणेच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. सुट्टीत आम्हाला खेळायला दिवसाला एखादा तास मिळतो (पालकांनी हे वाचून तो कमी करू नये). त्या तासात गुहाच सापडली नाही तर चिडचिड होणारच. म्हणून खूण असू द्या. पण रस्ताही सांगा. ऑब्लिव्हियनपासून सगळे संवाद आवाजात असतात, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी लांबलचक वर्णन परवडत नसेल, हे समजू शकतो. मग डायरीत लिहा. तिथे कोणाला बोलायचं नसतं, आणि चार ओळी पुरतात.