घरगुती आरोग्य : आमवात, चालणें आणि झोंप

सकाळीं उठल्यावर मूठ वळत नाहीं, दाराची कडी निघत नाहीं, पाऊल टेंकतांच तळव्यांत खडे टोंचल्यासारखें होतें. आणि दहा-अकरा वाजले कीं तीच व्यक्ति हिंडूंफिरूं लागते. भरल्या घरांत यावर बहुधा दोन मतें पडतात. एक म्हणतें, 'हा कामाचा कंटाळा.' दुसरें मायेनें म्हणतें, 'तूं कांहीं करूं नकोस, पडून राहा.' दोन्ही मतें चुकीचीं आहेत. आणि दुसरें अधिक घातक, कारण तें प्रेमानें सांगितलेलें असल्यामुळें मोडवत नाहीं.

सकाळचा हा दीर्घ ताठरपणा आमवाताचें, म्हणजे डॉक्टर ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या विकाराचें, ठळक लक्षण आहे. वयोमानानें गुडघे झिजतात तो प्रकार निराळा. आमवातांत शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो दुपटी-तिपटीनें अधिक जडतो, आणि तरुण वयांतहि होतो. रात्रीं ठणक्यानें झोंप मोडते. झोंप मोडली कीं दुसऱ्या दिवशीं वेदना अधिक जाणवते, थकव्यानें हालचाल कमी होते, आणि दिवसभर न हललेल्या देहास रात्रीं गाढ झोंप येत नाहीं. हें चक्र तोडण्याचा एक सोपा व बिनखर्ची मार्ग म्हणजे चालणें.

चालण्यानें सुजलेले सांधे झिजतील, ही भीति पूर्वीं डॉक्टरांसहि वाटे. हॉलंडमध्यें सुमारें 300 रुग्णांवर दोन वर्षें चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2003 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जोराचा व्यायाम करणाऱ्यांची कार्यशक्ति वाढली, आणि मोठ्या सांध्यांची हानि एकंदरींत वाढली नाहीं. आधींच फार बिघडलेल्या सांध्यांस मात्र जपावें, असें आढळलें. आयर्लंडमधील 78 रुग्णांवरील प्रयोग 2014 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत 12 आठवडे घरीं नियमित व्यायाम करणाऱ्यांची झोंप सुधारली व थकवाहि कमी झाला.

येथें एक शंका हमखास निघते : 'घरांत दिवसभर चालणें होतेंच कीं!' परंतु ओट्याशीं तास तास उभें राहणें, कपडे पिळणें, कणीक मळणें यांत बोटांच्या व मनगटांच्या दुखऱ्या सांध्यांवरच भार पडतो. मोकळ्या हातांनीं, एका लयींत, सलग चालण्याची जागा तीं कामें घेऊं शकत नाहींत.

प्रथम डॉक्टरांस विचारून मग आरंभ करावा. पहाटेचाच हट्ट नको. ऊन पाण्यानें स्नान करून अंग मोकळें झाल्यावर, किंवा संध्याकाळीं, सपाट रस्त्यानें जावें. पातळ तळाच्या चपलांपेक्षां रुंद पंजाचे मऊ बूट बरे. आरंभीं पांच-दहा मिनिटें पुरेत. हळूहळू वाढवीत आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास, हा पल्ला गांठावा. बोलतां येईल पण गातां येणार नाहीं, इतकाच वेग ठेवावा. चालल्यावर वाढलेलें दुखणें दोन तासांनंतरहि राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं अंतर कमी करावें. सांधा गरम होऊन फार सुजला असेल त्या दिवशीं त्यास विश्रांति द्यावी. निजण्याउठण्याची वेळ ठरलेली असावी. दुपारची लांबलेली झोंप, सायंकाळनंतरचा चहा आणि अंथरुणांतील मोबाईल हे तिन्ही वर्ज्य करावे.

चालणें हें औषधाच्या ऐवजीं नव्हे. सांध्यांचा नाश रोखण्यास औषधेंच लागतात. त्यांपैकीं मेथोट्रेक्सेट या विकारांत आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतूं शकतें. म्हणून त्याचा वार घरांतील आणखी एकानें लक्षांत ठेवावा.

राहतां राहिला तो अर्धा तास. सुनेस तो सासूबाईंनीं मिळवून द्यावा, सासूबाईंस सुनेनें. कोणी सोबतीस गेल्यास उत्तमच. औषधाची वेळ चुकवून आजाऱ्यास कोणी भाजी निवडावयास बसवीत नाहीं. चालण्याची वेळहि घरानें तशीच पाळावी.