लग्न म्हणजे खरेदीखत काय?

निफाडचे शेतकरी, येवल्याचे विणकर, नाशिकचे तांबट बंधुभगिनींनो! बैलास निर्दयपणे झोडपणे १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. मग नवऱ्याने बायकोवर जबरी केली तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचे कलम ६३ म्हणते, नांदती बायको अठरा वर्षांची असेल तर तो बलात्कारच नव्हे! परक्याने तेच केले तर निदान १० वर्षे सक्तमजुरी. ही सूट इंग्रजांनी १८६० साली लिहिली. गोरे गेले, सूट राहिली.

म्हणे, घरे मोडतील! ही ओरड जुनीच. १८९१ साली संमतिवय १० वरून १२ करताना टिळकांच्या केसरीने विरोध केलाच होता. त्याआधी १८८७ साली सुताराची लेक रखमाबाई हिला मुंबई हायकोर्टाने बजावले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती तुरुंगास तयार झाली, पण गेली नाही. धर्म बुडाला नाही. रखमाबाई डॉक्टर झाल्या.

म्हणे, खोट्या फिर्यादी होतील! चोरीच्याही होतात, म्हणून चोरीचे कलम कोणी खोडले काय?

२०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीने ही सूट काढा म्हणून सांगितले. २०२४ साली केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात तिचीच तरफदारी केली. खासदार मते मागावयास येतील, तेव्हा त्यांस विचारा. सातबाऱ्यावर शेत चढते, माणूस चढत नाही. आम्ही लेक नांदावयास दिली, विकली नाही!