उमेदवारीचा खर्च कोणी सोसायचा?

उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी जाऊन एखाद्या संस्थेत सहा-आठ आठवडे काम करावे, ही कल्पना पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून आता सातारा-सांगलीपर्यंत येऊन पोहोचली आहे. यंदा कानावर आले ते मेक्सिकोचे नाव. तीन-चार मित्रमैत्रिणींनी मिळून अर्ज करावयाचा, एकाच गावी उतरावयाचे, आठवडाभर शाळेत किंवा सेवाभावी संस्थेत काम करावयाचे आणि शनिवार-रविवारी देश पाहावयाचा, असा बेत. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने त्याचे माहितीपत्रक आणून दाखविले. देशाचे वर्णन त्यात भरपूर होते, प्रमाणपत्राचा नमुनाही होता. काम कोणते आणि ते शिकविणार कोण, यासंबंधी मात्र जेमतेम दोन ओळी. शेवटच्या पानावर विद्यार्थ्याने भरावयाचे शुल्क होते. विमानभाडे अर्थातच वेगळे. तिच्या दोन मैत्रिणी जात आहेत. ती जाणार नाही. तिचे वडील तालुक्याच्या गावी कारकून आहेत आणि माहितीपत्रकातील आकडा त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा आहे.

अशा वेळी वडीलधारी मंडळी "मेक्सिकोत असे ठेवले आहे तरी काय?" असे म्हणून विषय मिटवितात. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत गेले. गदर चळवळीतील सहभागामुळे मायदेशाची दारे त्यांना बंद झाली होती. अमेरिकेत पडेल ते काम करीत त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण पुरे केले होते. मेक्सिकोतील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मुक्त शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, भाकरी वाटून देणारा पुरुष म्हणून, त्यांना चितारून ठेवले आहे. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडील किती पदवीधरांना त्यांचे नाव ठाऊक असेल, हे न विचारलेलेच बरे.

त्याच चापिंगोजवळ गहू आणि मका यांवर संशोधन करणारे आंतरराष्ट्रीय केंद्र १९६६ पासून काम करीत आहे. त्याच वर्षी भारताने लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या ठेंगण्या मेक्सिकन गव्हाचे सुमारे १८ हजार टन बियाणे आणविले आणि पुढचा हरितक्रांतीचा इतिहास घडला. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी त्या काळात आशिया-आफ्रिकेतील तरुणांना मेक्सिकोत बोलावून प्रशिक्षण दिले ते सभागृहात बसवून नव्हे. गव्हाच्या ओळींत वाकून परागीकरण करावयाचे, तांबेऱ्याचे डाग मोजावयाचे, नोंदी ठेवावयाच्या, असा तो हंगामभराचा अभ्यासक्रम होता. आणि त्याचा खर्च त्या तरुणांच्या वडिलांवर पडत नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर, आमच्या मते, लंडन-न्यूयॉर्कपेक्षा मेक्सिको अधिक शिकवील. आपल्यासारखाच ऊस, आपल्यासारखेच साखर कारखाने. क्रांतीनंतर, १९१७ च्या राज्यघटनेच्या आधारे, तेथे गावसमूहांना जमिनी मिळाल्या. त्या वहितीच्या होत्या, विक्रीच्या नव्हत्या. १९९२ च्या घटनादुरुस्तीने विक्रीचा मार्ग मोकळा केला. त्याचे अल्पभूधारकावर काय परिणाम झाले, हे सांगलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाच्या मुलाने स्वतः पाहण्याजोगे आहे. परदेशी गेलेल्या माणसांनी घरी धाडलेल्या पैशांच्या बाबतीत जगात भारताचा पहिला आणि मेक्सिकोचा दुसरा क्रमांक आहे. मनीऑर्डरीवर चालणारे गाव म्हणजे काय, हे माण-खटावच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा प्रश्न मेक्सिकोला जावे की नाही हा नाही. खर्च कोणी सोसायचा, हा आहे.

इंटर्नशिप हा शब्द रुळण्यापूर्वी आपल्या भाषेत यासाठी एक छान शब्द होता : उमेदवारी. आता तो निवडणुकीपुरताच उरला आहे. पूर्वी वकिलाकडे, छापखान्यात, दवाखान्यात मुलगा उमेदवारी करी, म्हणजे बिनपगारी किंवा अल्प पगारावर राबून धंदा शिके. आमच्या दुष्काळी तालुक्यांतील गलाई व्यवसायाचे उदाहरण पाहावे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या भागांतील सोने-चांदी गाळणारी माणसे केरळपासून उत्तरेपर्यंत भारतभर पसरली आहेत. गावातला पोरगा नात्यातल्या कोणाचा तरी हात धरून दूरच्या शहरी जातो. जेवणखाण, कपडालत्ता मालकाकडे. पगाराचे नाव पहिली काही वर्षे काढावयाचे नाही. परका प्रांत, परकी भाषा, सोबत गाववाले. मित्रांसमवेत परमुलखात उमेदवारी करण्याची ही रीत आमच्याकडे माहितीपत्रके छापली जाण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तीत शोषण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आम्लाच्या धुराने किती जणांच्या छात्या खराब झाल्या असतील कोण जाणे. परंतु शिकण्यासाठी त्या पोराने उलट मालकाला शुल्क भरावे, ही गोष्ट मात्र कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी मानवी भांडवलावरील १९६४ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची उकल केली आहे. जे कौशल्य कामगार आपल्याबरोबर कोठेही घेऊन जाऊ शकतो, त्यावर मालक खर्च करणार नाही. तो खर्च शिकणारालाच, कमी वेतनाच्या रूपाने, उचलावा लागेल. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : शिकणाऱ्याजवळ तेवढे दिवस काढण्यापुरती पुंजी आहे, किंवा ती त्याला उसनी मिळू शकते. कारकुनाच्या मुलीला आठ आठवड्यांच्या मेक्सिकोसाठी कोणती बँक कर्ज देणार? आणि जेथे शिकविणाराच कोणी नाही, तेथे भरलेले शुल्क ही गुंतवणूक नव्हे, ते सहलीचे भाडे होय. सहलीला आमचा विरोध नाही, त्याचे श्रेयांक मात्र देऊ नयेत.

साताऱ्याला तरी या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि वसतिगृहातील मुलांना शेतात, बागेत, बांधकामावर काम देऊन त्यावर त्यांचे शिक्षण चालविले. १९४७ मध्ये निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालयही 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर उभे राहिले. त्या योजनेत श्रम होते, शिक्षण होते आणि श्रमाचा मोबदलाही होता. आज अनेक महाविद्यालयांत ही योजना ग्रंथालयातील पुस्तके पुसणे आणि आवारातील झाडांना पाणी घालणे एवढ्यापुरती राहिली आहे, ही गोष्ट वेगळी.

दुसरे उत्तरही साताऱ्याच्याच शाळेत शिकलेल्या एका विद्यार्थ्याच्या चरित्रात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील शाळेत दाखल झालेले भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार. सार्वजनिक पैसा, निश्चित मुदत, निश्चित अपेक्षा. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर पदवी व पीएच.डी.साठी परदेशी पाठविते, आणि ते योग्यच आहे. परंतु दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी पदवीच्या विद्यार्थ्याला हात देईल अशी व्यवस्था तीत नाही.

इकडे नव्या शैक्षणिक धोरणाने कार्यप्रशिक्षण पदवीचाच भाग केले आहे. आपल्या राज्यात त्याला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. कल्पना उत्तम. पण शेकडो विद्यार्थ्यांना एकदम काम देतील एवढी आस्थापने तालुक्याच्या गावी आहेत कोठे? मग मामाच्या दुकानाचा शिक्का, ओळखीच्या पतसंस्थेचे पत्र, आणि मार्चअखेर प्राध्यापकांच्या टेबलावर एकाच मजकुराच्या प्रमाणपत्रांचा ढीग. तासांचा हिशेब काटेकोर असतो; एकालाही तास कमी पडत नाही. या ढिगात मेक्सिकोचे रंगीत प्रमाणपत्र येऊन पडेल तेव्हा मुलाखत घेणारा त्याच्याकडे कसा पाहील आणि पतसंस्थेच्या पत्राकडे कसा, हे सांगावयास नको. दोहोंपैकी एकानेही कदाचित काही शिकलेले नसेल. तरीही ऐपतीचे रूपांतर गुणवत्तेत होऊन गेलेले असेल.

२०२४ साली केंद्र सरकारने पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली. तीत दरमहा पाच हजार रुपये देऊ केले. त्याच वर्षी राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने पदवीधरास दरमहा दहा हजार ठरविले. दोन्ही योजना जाहीर झाल्या तेव्हा पूर्णवेळ शिकत असलेल्यांसाठी त्या नव्हत्या. शिक्षण संपलेल्याला उमेदवारीचे पैसे, शिकत असलेल्याला फुकटची उमेदवारी. हा उफराटा न्याय कोणत्या तर्काने ठरला, हे मंत्रालयालाच ठाऊक.

ज्या मेक्सिकोची चर्चा आपण करीत आहोत, तेथील विद्यार्थ्याला स्वतःच्या देशात ४८० तासांची समाजसेवा केल्यावाचून पदवी मिळत नाही. १९३६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवून ही प्रथा सुरू झाली आणि १९४५ च्या कायद्याने ती सर्वांना लागू झाली. तेथेही पुष्कळांची सेवा कार्यालयातील कागद हलविण्यात संपते, अशी टीका होते. परंतु कोणता डॉक्टर कोणत्या गावी जाणार, हे ठरविण्याची जबाबदारी तेथे विद्यार्थ्याच्या मामावर टाकलेली नाही.

आपल्याकडे पहिले पाऊल विद्यापीठाने टाकावे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. या दोन जिल्ह्यांत खरे काम शिकता येईल अशा जागांची यादी विद्यापीठ करू शकते. महाबळेश्वरला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे; ज्या रोगाशी बोरलॉग मेक्सिकोत झुंजले, त्याच रोगावर तेथे काम चालते. सांगलीची हळदीची बाजारपेठ आहे, तासगावची बेदाण्याची आहे, १९१० पासून यंत्रे घडविणारी किर्लोस्करवाडी आहे, मिरजेची रुग्णालये आणि तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. प्रत्येक जागी विद्यार्थ्याच्या १२० तासांना किमान जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च मिळेल एवढे विद्यावेतन ठरवावे. परदेशी उमेदवारीला श्रेयांक द्यावयाचे असतील तर यजमान संस्थेने काम, मार्गदर्शक आणि खर्च हे तिन्ही लेखी कळवावेत. विद्यार्थ्याकडून शुल्क घेणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र श्रेयांकासाठी धरू नये.

ज्यांत विद्यार्थ्याला खर्च करावा लागत नाही, अशा परदेशी संधीही आहेत. कॅनडातील मिटॅक्स ही संस्था भारतीय आणि मेक्सिकन अशा दोन्ही पदवी-विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातील बारा आठवड्यांच्या संशोधनासाठी बोलावीत आली आहे. जर्मनीची 'डाड' ही संस्था आपल्या विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अशाच कामासाठी विद्यावेतन देते. जागा थोड्या, स्पर्धा मोठी, हे खरे. पण या संस्थांचे अर्ज आदल्या वर्षी, पावसाळा सरता सरता भरावयाचे असतात; आमच्या महाविद्यालयांतून त्यांची चौकशी सुरू होते ती मार्चमध्ये, परीक्षेचे वेळापत्रक लागल्यावर.